आप्पांचं स्वरयंत्र काढायचं ठरलंय, आवाज आधीच साठवून ठेवता येतो का? आणि नंतर बोलायला नेमकं काय घ्यावं?

तापीकाठ_चोपडा

नमस्कार मंडळी. आमच्या आप्पांना (वय ६४) घशाचा कॅन्सर निघालाय, आवाज बरेच महिने बसलेला होता, आम्ही सगळे म्हणत राहिलो सर्दी आहे बिडी आहे, शेवटी मुंबईला दाखवलं तर डॉक्टर म्हणाले स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, गळ्याला कायमचं भोक राहील आणि श्वास तिथूनच घ्यायचा. ऑपरेशनची तारीख लवकरच मिळेल. आजार बरा व्हायचा चान्स चांगला आहे म्हणतात म्हणून आम्ही तयार आहोत. आप्पांचं मात्र एकच चालू आहे, "मी मुका व्हई जासू का?"

आता आप्पांबद्दल सांगतो म्हणजे कळेल. शेती आहेच, पण आयुष्यभर बैलबाजारात दलाली केली. सारंगखेड्याच्या यात्रेला एक वर्ष चुकवलं नाही, घोडा घ्यायचा नसला तरी जातील. माणूस चौथी शिकलेला, सही करतो, पेपरातले मथळे वाचतो, पण मोबाईलवर टाईप वगैरे करणार नाही. घरात अहिराणीच बोलतात. भाचा म्हणतो मेंदूत चिप बसवून मुकी माणसं बोलायला लागलीत, युट्यूबवर व्हिडिओ आहेत. एक सर्जिकल दुकानवाला म्हणतो मशीन घ्या, गळ्याला लावलं की बोलतं. आणि माझ्या बहिणीला वाटतं आत्ताच आवाज रेकॉर्ड करून एआयने ठेवावा. यातलं खरं काय, आपल्यासारख्यांना जमण्यासारखं काय, खर्च किती? ज्यांच्या घरात झालंय त्यांनी सांगा प्लीज.

जामनेरची_लेक

दादा, मी स्पीच थेरपिस्ट आहे, सध्या मुंबईत. आधी आप्पांना हे सांगा की ते मुके होणार नाहीत. स्वरयंत्र फक्त आवाज तयार करतं, त्या आवाजाची अक्षरं बनवायचं काम जीभ, ओठ, टाळू, दात करतात आणि ते सगळं आप्पांकडे राहणार आहे. म्हणजे आपल्याला फक्त दुसरीकडून कुठून तरी आवाज आणून तोंडात सोडायचा आहे. त्याचे मुख्य तीन रस्ते आहेत.

दुकानवाला म्हणतो ते मशीन म्हणजे इलेक्ट्रोलॅरिंक्स. टॉर्चएवढं असतं, सेलवर चालतं, गळ्याला किंवा हनुवटीखाली दाबून बटण दाबलं की थरथरतं आणि ती थरथर कातडीतून तोंडात जाते, मग नेहमीसारखे ओठ-जीभ हलवायचे. आवाज एकसुरी, रोबोटसारखा येतो. फायदा असा की लवकर सुरू करता येतं, टाके ओले असताना गळ्याला लावता येत नसेल तर एक बारीक नळी जोडून ती तोंडाच्या कोपऱ्यात धरतात. रेडिएशननंतर गळा कडक होतो तेव्हाही नळी कामाला येते. एक गंमत आहे, मशीन सतत वाजत असतं त्यामुळे प चा ब ऐकू येतो, त चा द, क चा ग. "पाणी" मागितलं तर घरच्यांना "बाणी" ऐकू येईल. त्याला उपाय आहे, प-त-क म्हणताना तोंडातलीच हवा जोरात फोडायची, आम्ही ते शिकवतो. ह सगळ्यात अवघड. पण घरच्यांच्या कानालाही आठ-पंधरा दिवसांत सवय होते.

दुसरा रस्ता अन्ननलिकेचा आवाज. हवा तोंडातून अन्ननलिकेत घ्यायची आणि ढेकरेसारखी बाहेर सोडत बोलायचं. यंत्र नाही, खर्च नाही, दोन्ही हात मोकळे. पण शिकायला महिने लागतात, सगळ्यांना जमत नाही आणि एका दमात थोडेच शब्द निघतात.

तिसरा म्हणजे व्हॉल्व्ह, ज्याला व्हॉइस प्रोस्थेसिस म्हणतात. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीला छोटं छिद्र करून सिलिकॉनची एकेरी झडप बसवतात. गळ्याच्या भोकावर बोट ठेवून श्वास सोडला की फुफ्फुसातली हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते, तिथला वरचा भाग थरथरतो आणि आवाज येतो. अमेरिकेतल्या सिंगर आणि ब्लोम या दोघांनी १९८० मध्ये ही पद्धत मांडली, आज जगभर हीच सगळ्यात जास्त पसंत केली जाते कारण आवाज माणसासारखा वाटतो, थोडा घोगरा पण आपलाच. लांब वाक्यं बोलता येतात.

आता महत्त्वाचं ऐका. हे छिद्र मूळ ऑपरेशनच्या वेळीच करता येतं, किंवा नंतर वेगळं करता येतं. त्यामुळे सर्जनला आधीच विचारा की आप्पांना व्हॉल्व्ह चालेल का, आत्ताच बसवणार की नंतर, नंतर असेल तर का. बरेच लोक हा प्रश्न घरी आल्यावर विचारतात. आणि ऑपरेशनच्या आधीच स्पीच थेरपिस्टला एकदा भेटा. टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या ठिकाणी तो विभाग आतच असतो. बांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, वाणी आणि श्रवणाचं काम तिथे चालतं, तीही लक्षात ठेवा.

निसर्गोपचार_धुळे

ऑपरेशन करू नका भाऊ!! आमच्याकडे मुळी आहे गाठ विरघळते आवाज मोकळा होतो. खाली नंबर देतो.

जामनेरची_लेक

अ‍ॅडमिन, हे काढा कृपया. अशा मुळीपायी आलेले पेशंट आम्हाला उशिरा भेटतात, तोवर स्वरयंत्राच्या पलीकडे पसरलेलं असतं.

रिटायर_गार्ड_भुसावळ

मी स्वतः गळाकाप माणूस आहे (आमच्यात आम्ही असंच म्हणतो, रागावू नका). रेल्वेत गार्ड होतो. व्हॉल्व्हवर बोलतो. चोपड्याच्या भाऊने विचारलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो, ताईंनी शास्त्र सांगितलं, मी रोजचं सांगतो.

पहिले काही आठवडे बोलणं शून्य. नाकातून नळी, त्यातूनच जेवण. तेव्हा पाटी-पेन्सिल उपयोगी. आप्पा लिहीत नसतील तर आत्ताच घरी खुणा ठरवून घ्या, दुखतंय कुठे, कफ काढा, पाणी, लघवी, डॉक्टरला बोलवा. एका पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवा. हॉस्पिटलात रात्री नर्सला आवाज देता येत नाही ही सगळ्यात मोठी भीती असते, म्हणून उशाशी घंटी ठेवा, साधी देव्हाऱ्यातली घंटी चालते, माझ्या शेजारच्या बेडवाल्याकडे तीच होती आणि अख्खा वॉर्ड आरती सुरू झाली म्हणून हसायचा.

मग टाके भरल्यावर व्हॉल्व्हने पहिला आवाज काढायला लावतात. आ म्हणा म्हणतात. निघाला. बायको रडली, मला मात्र वाटलं हा कोण बोलतोय. सवय होते हो.

आता त्रास. एक, बोट लावून बोलावं लागतं म्हणजे शेतात हात मातीचे असताना बोलायचं तर पंचाईत, आधी हात पुसा. बोट न लावता चालणारी झडप मिळते पण ती चिकटपट्टीने बसवायची असते, आपल्या भुसावळच्या मे महिन्यात घामाने किती टिकणार ते तुम्हीच समजा, मी नाद सोडला. दोन, व्हॉल्व्ह कायमचा नसतो, काही महिन्यांनी बदलावा लागतो, त्याच्यावर बुरशी धरते आणि तो गळायला लागतो. ओळखायचं कसं तर चहा प्यायल्याबरोबर ठसका आला आणि भोकातून चहाच आला की समजा नंबर लागला. रोज ब्रशने साफ करायचा. तीन, कधी निखळून बाहेर आला तर घरी जुगाड करायचा नाही, ताबडतोब हॉस्पिटल, कारण छिद्र लवकर आखडतं आणि खाल्लेलं फुफ्फुसात जायची भीती. आत पडला असेल असा संशय असला तर अजून घाई.

धूळ. हे आपल्या भागात फार. आपल्याला नाकाची चाळणी राहिलेली नाही, हवा थेट आत. ज्वारी-बाजरी मळताना, कापूस भरताना जवळ उभं राहायचं नाही. गळ्यावर सुती कापडाचा पडदा, उन्हाळ्यात तो ओलसर करून. कोरड्या हवेने कफाच्या खपल्या धरतात आणि श्वास अडकतो. अंघोळ करताना डोक्यावरून तांब्या ओतायची सवय मोडा. तापीत पोहणं बंद म्हणजे बंद.

आणि ज्या गोष्टी कोणी सांगत नाही त्या. चहा फुंकून पिता येत नाही. वास येत नाही फारसा, कारण नाकातून हवाच जात नाही, भरीत भाजतात तो वास गेला याचं मला आवाजापेक्षा जास्त वाईट वाटलं खरं सांगतो. दम धरून पोतं उचलता येत नाही. आप्पा पोती उचलत असतील तर त्यांना सांगून ठेवा.

बाकी सौद्याचं टेन्शन घेऊ नका, बैलबाजारात सौदा रुमालाखाली बोटांनीच होतो, तिथे आवाज लागतोच कुणाला.

तापीकाठ_चोपडा

काका, ताई, खूप खूप धन्यवाद, मी हे सगळं आप्पांना वाचून दाखवलं, रुमालाचं ऐकून हसले, आठवड्यात पहिल्यांदा. व्हॉल्व्हची किंमत किती पडते? आणि बहीण विचारते आवाज रेकॉर्ड करण्याचं काय, कुणी बोललं नाही त्यावर.

अमळनेरी_पुण्यात

मी बोलतो, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आवाजाच्या कामाशी थोडा संबंध येतो.

आधी चिपचं. युट्यूबवर जे बघितलं ते खोटं नाही, पण ते आप्पांसाठी नाहीच. ते प्रयोग अर्धांगवायू किंवा एएलएस (नसांचा आजार, स्नायू हळूहळू निकामी होतात) झालेल्या लोकांवर आहेत, म्हणजे ज्यांचे ओठ-जीभच हलत नाहीत. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातल्या एडवर्ड चँग यांच्या टीमने एका बाईच्या मेंदूवर २५३ इलेक्ट्रोड बसवले, ती २००५ च्या स्ट्रोकनंतर बोलू शकत नव्हती, तिला मिनिटाला ७८ शब्दांच्या वेगाने बोलतं केलं आणि आवाज तिच्या लग्नाच्या व्हिडिओतून घेतला. २०२४ ला डेव्हिसच्या विद्यापीठाने एएलएसच्या एका माणसावर २५६ इलेक्ट्रोडने ९७ टक्क्यांपर्यंत अचूकता गाठली, त्याच्याही जुन्या रेकॉर्डिंगवरून आवाज बनवला. कवटी उघडून इलेक्ट्रोड बसवायचे, वायर कॉम्प्युटरला, आणि सगळं इंग्रजीत. आप्पांची जीभ ठणठणीत असताना कवटी कशाला उघडायची? त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या इंजिनिअरांनी गळ्यावर चिकटवायची पट्टी केली होती, स्नायूंच्या हालचालीवरून वाक्य ओळखणारी, पण ती चाचणी धडधाकट लोकांवर आणि मोजक्या ठरावीक वाक्यांवर. बाजारात मिळणारी वस्तू नाही ती.

या सगळ्यात मला आवडलेली गोष्ट ही की मेंदूच्या त्या दोन्ही प्रयोगांत जुनं रेकॉर्डिंग होतं म्हणून माणसाचा स्वतःचा आवाज परत मिळाला. स्टीफन हॉकिंगचं १९८५ ला गळ्याचं ऑपरेशन झालं आणि बोलणं संपलं, नंतर त्यांना मशीनचा जो आवाज मिळाला तो दुसऱ्याच माणसाच्या आवाजावरून बनवलेला होता. पुढे चांगले आवाज आले तरी त्यांनी तोच ठेवला, लोक त्यावरूनच ओळखायचे.

तर रेकॉर्डिंगचे दोन प्रकार आहेत, बहिणीला नीट सांगा. एक, व्हॉइस बँकिंग, म्हणजे नमुने देऊन एआयने आवाजाची नक्कल बनवायची, मग काहीही टाईप केलं की ते त्या आवाजात बोलतं. आयफोनमध्ये २०२३ पासून पर्सनल व्हॉइस नावाने आहे, पण मी पाहिलं तेव्हा त्यात मराठी नव्हतं. पैसे घेऊन मराठी नक्कल करणाऱ्या सेवा आहेत. पण तुमच्या केसमध्ये दोन अडचणी: आप्पा टाईप करणार नाहीत, आणि आत्ताचा आवाज आधीच बसलेला आहे, त्याची नक्कल केली तर बसलेलाच आवाज मिळेल. म्हणून जुनं शोधा. लग्नाच्या सीडी, व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोट (फोन बदलला की जातात, आजच कॉम्प्युटरवर कॉपी करा), यात्रेत काढलेले व्हिडिओ, कुणाचे कॉल रेकॉर्ड होत असतील तर ते. बँडबाजा नसलेले तुकडे वेगळे काढून ठेवा. पुढे लागो न लागो, असू द्या.

दुसरा प्रकार मेसेज बँकिंग, आणि माझ्या मते आप्पांसाठी हाच. बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलमधल्या जॉन कॉस्टेलो यांनी ही पद्धत रुजवली. यात एआय वगैरे काही नाही, माणसाने अख्खी वाक्यं आपल्या आवाजात आधीच बोलून ठेवायची आणि नंतर बटण दाबून तीच वाजवायची. भाषा कुठलीही चालते! मी गंमत म्हणून फोनच्या मराठी आवाजाला अहिराणी वाचायला लावली होती, "कसा शे भाऊ" ठीक म्हणतो, "कथा जाई ऱ्हायना" ला तोंड वेडंवाकडं करतो आणि हेल तर पुणेरीच. आप्पांनी स्वतः बोललेलं "जेवण व्हयनं का" असेल तर हा प्रश्नच येत नाही. बसलेल्या आवाजातलं असलं तरी चालेल, त्यांचंच आहे.

काय रेकॉर्ड करायचं? "हो-नाही-पाणी" यात वेळ घालवू नका, ते खुणेने होतं. नातवंडांना हाक, प्रत्येकाची वेगळी. बैलांना घालायची हाक. आईवर ओरडायचं ते नेहमीचं वाक्य. शिव्या पण घ्या, लाजू नका. फोन उचलल्यावर म्हणतात ते. दाराशी आलेल्याला "या, बसा". रेकॉर्डिंगला पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब, दुपारी नको सकाळी आवाज जरा बरा असतो तेव्हा, आणि थोडं थोडं, गळ्याला ताण नको, डॉक्टरांना विचारून. नंतर वाजवायला चित्रांची बटणं असलेली अ‍ॅप आहेत ज्यात आपलं रेकॉर्डिंग टाकता येतं, बैलाचा फोटो दाबला की बैलाची हाक.

एक सावधगिरी, नक्कल बनवलीच तर फाईल घरातच ठेवा. अशा आवाजावर नातेवाईकांना फोन करून पैसे मागणारे भामटे आहेत.

साक्रीवाली_ताई

मध्येच बोलते, माफ करा. आमच्या ह्यांचं बोलणं स्ट्रोकने गेलं. तेव्हा मलाही सगळ्यांनी अ‍ॅप सांगितले, मशीन सांगितलं. पण आमचं वेगळं निघालं, ह्यांचा आवाज चांगला आहे, शब्दच सापडत नाहीत, चमचा म्हणायचं तर दोरी म्हणतात. त्याला अफेजिया म्हणतात. त्यात टाईप करायचं यंत्र काही कामाचं नाही कारण लिहिताना पण तोच गोंधळ. चित्रांचं अ‍ॅप थोडं चाललं, मुंबई आयआयटीने केलेलं जेलो म्हणून आहे, मूळचं मुलांसाठी आहे पण आम्ही वापरतो. वाचणाऱ्या बाकीच्यांनी आधी नेमकं काय गेलंय ते विचारून घ्या मग खर्च करा, आमचे पैसे गेले. चोपड्याच्या दादा, तुमच्या आप्पांचं डोकं, शब्द सगळं जागेवर आहे, तुमचं होईल बघा.

जामनेरची_लेक

साक्रीच्या ताई अगदी बरोबर.

किमतीचं सांगते. बाहेरच्या देशातले व्हॉल्व्ह हजारोंत जातात आणि बदलत राहावे लागतात, म्हणून पहिला बसवून दुसऱ्याच्या वेळी पैसे नाहीत असे पेशंट खूप. बेंगळुरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव यांनी २०१५-१६ च्या सुमारास "औम" नावाचा व्हॉल्व्ह आणला, तेव्हा किंमत ५० रुपयांच्या आसपास होती, त्याची मोठी चर्चा झाली. सर्जनला सरळ विचारा की तुमच्याकडे कुठला बसवता आणि पुढचे बदल कितीत, कुठे होतील. बदलायला दर वेळी मुंबई का नाशिक-जळगावात कुणी करतं, हे किमतीइतकंच महत्त्वाचं आहे, रात्रीच्या गाडीने ठसके देत जाणं सोपं नाही. ते जमणार नसेल तर माझं प्रामाणिक मत, आप्पांनी इलेक्ट्रोलॅरिंक्स मुख्य ठेवावं. त्यात कमीपणा काही नाही.

ऐतिहासिक म्हणून सांगते, पूर्ण स्वरयंत्र काढायचं पहिलं ऑपरेशन व्हिएन्नात बिलरोथने १८७३ ला केलं आणि त्यांच्याच हाताखालच्या गुसेनबाऊरने त्या पेशंटला बोलायला कृत्रिम यंत्र करून दिलं होतं. म्हणजे पहिल्या पेशंटलाही डॉक्टरांनी गप्प बसवून घरी पाठवलं नव्हतं.

रावेर_केळी

यूडीआयडीचं (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) कुणी लिहिलं नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात वाणी आणि भाषेचं अपंगत्व यादीत आहे आणि व्याख्येत स्वरयंत्र काढलेल्यांचा उल्लेख नावासकट आहे. ऑपरेशननंतर डिस्चार्ज पेपर घेऊन सिव्हिलला कार्ड काढा. आणि ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसतं का ते अ‍ॅडमिट व्हायच्या आधी आरोग्यमित्राला विचारा.

तापीकाठ_चोपडा

सगळ्यांचे आभार. सोमवारी सर्जनकडे जातोय, ताईंचे प्रश्न कागदावर उतरवलेत. बहिणीने काल रात्री रेकॉर्डिंग सुरू केलं, आप्पा फोनपुढे लाजतात, म्हणून धाकट्या पोराला समोर बसवलं आणि फोन उशीमागे ठेवला (आप्पांना सांगून). आईवर ओरडायचं वाक्य मात्र आईनेच डिलीट करायला लावलं. काका, एकच शंका, गळ्याला भोक असलेल्या माणसाला शेतात एकटं असताना चक्कर आली तर लोक तोंडाने श्वास देतील ना, मग?

रिटायर_गार्ड_भुसावळ

तोंडाने दिला तर हवा फुफ्फुसात जाणारच नाही. भोकातूनच द्यायचा, ऑक्सिजनचा मास्क पण भोकावरच लावायचा. मी खिशात कागद ठेवतो, मोठ्या मराठी अक्षरात, "मी मानेतून श्वास घेतो, नाक-तोंडातून नाही, मानेवरचा कपडा काढा". मोटरसायकलवर आणि पाकिटात पण तोच. आप्पांसाठी चार करा आणि एक शेजारच्या शेतवाल्याकडे द्या. नंबर तुम्हाला मेसेज करतो, ऑपरेशन झाल्यावर आप्पांना माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलवा, मला बोट लावून बोलताना बघू द्या त्यांना.